सात वर्षांच्या नातवापासून सत्तरीच्या आजीपर्यंत: गावासोबत नाटक कसे उभे करावे

दुष्काळी पट्ट्यातील एखाद्या गावात साठी ओलांडलेल्या बायकांपुढे १९७२ सालाचे नाव काढले, की पुढचा तासभर आपल्याला काही विचारावे लागत नाही. खडी फोडायला जाताना फडक्यात बांधून नेलेली भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनवर मिळणारी लाल मिलो, मस्टरवर अंगठा उठवून घेणारा मुकादम, हे सारे एकापाठोपाठ एक बाहेर येते. त्याच गावातील दहा वर्षांच्या मुलाने यातला एकही शब्द ऐकलेला नसतो, आणि पाझर तलावाच्या ज्या बांधावर तो रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतो तो बांध आपल्या आजीने डोक्यावरून वाहिलेल्या मातीच्या पाट्यांनी उभा राहिला, हे तर त्याच्या गावीही नसते. ही दोन माणसे एकाच तालमीत समोरासमोर आणणे हे या प्रकारच्या नाट्यशिक्षणाचे खरे काम आहे. ज्या शिक्षकांना, हौशी रंगकर्मींना किंवा ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना असे शिबिर घ्यायचे असेल त्यांच्यासाठी, बारा आठवड्यांचे काम गृहीत धरून, मी पुढील पद्धत लिहीत आहे.

यासाठी परक्या कल्पना आणाव्या लागत नाहीत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक केले तेव्हापासूनचा इतिहास आपण शिकतो, परंतु गावाने स्वतः नाटक करण्याची सवय आपल्याकडे त्याहून खोलवर रुजलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटके चालतात; गोव्यात जत्रेला गावातीलच माणसे देवळाच्या मांडवात मराठी नाटक उभे करतात; सिंधुदुर्गातील दशावतारी नट छापील संहितेवाचून, केवळ कथानक ठरवून घेऊन, संवाद रंगमंचावर रचत जातात. मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू करून मुलांच्या नाटकाला गांभीर्य दिले आणि ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने वस्त्यांमधील मुलांसाठी वंचितांचा रंगमंच उभा राहिला, जिथे मुले आपल्याच जगण्यातून नाटिका रचतात. आपल्या शिबिरात दशावताराकडून उत्स्फूर्त संवाद घ्यावा, झाडीपट्टीकडून शेतीच्या हंगामाला धरून चालण्याचे शहाणपण घ्यावे, आणि वंचितांच्या रंगमंचाकडून हा विश्वास घ्यावा की विषय मुलांच्या आणि माणसांच्या घरातच असतो.

१९७२ चा दुष्काळ मी येथे उदाहरण म्हणून शेवटपर्यंत वापरला आहे. आपल्या ठिकाणी विषय वेगळा असेल. लालबाग-परळमध्ये तो १९८२ चा गिरणी संप असू शकेल, धरणामुळे उठलेल्या गावात जुन्या गावठाणाची आठवण असू शकेल. मात्र किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपासारखा, ज्यात घरातील माणसे गेली असा विषय पहिल्या शिबिराला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा आठवणीला हात घालण्यापूर्वी त्या गटाचा एकमेकांवर विश्वास बसलेला असावा लागतो आणि त्याला बारा आठवडे पुरत नाहीत.

जागा, वेळ आणि माणसे

जागा ठरवताना प्रथम एकच प्रश्न विचारावा: या गावातील असे कोण आहे की जे या उंबऱ्याच्या आत मोकळेपणाने येणार नाही? देवळाचा सभामंडप प्रशस्त असतो, वर छप्पर असते, पंखे असतात, आणि तरीही अनेक गावांत काही वस्त्यांमधील माणसे तिथे अंग चोरून बसतात. राजकीय पुढाऱ्याच्या वाड्याचेही तेच. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा मोठा वर्ग मला सर्वांत योग्य वाटतो. तिथे गावातील जवळपास प्रत्येक घरातील मूल रोज जात असते. मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्यावी. म्हाताऱ्या माणसांसाठी सतरंजीबरोबर सात-आठ खुर्च्या, पिण्याचे पाणी आणि बायकांना वापरता येईल असे, दिवा असलेले शौचालय, एवढे असल्याशिवाय पहिला दिवस जाहीर करू नये.

वेळेचा निर्णय आपण घेऊ नये, गावाला घेऊ द्यावा. ज्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जातात तिथे दसरा-दिवाळीनंतर अर्धी घरे बंद असतात, आणि त्या घरांतील मुलेही आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. हिवाळ्यात तिथे शिबिर घेतले तर ज्यांच्या आयुष्यात दुष्काळाचे सर्वांत जास्त ओरखडे आहेत तीच माणसे नेमकी गैरहजर राहतील. अशा गावात मार्चअखेरनंतरचे दिवस धरावेत आणि लग्नतिथी पाहून सुट्ट्या ठरवाव्यात. जिथे कापूस आहे तिथे वेचणीचे दिवस सोडावेत. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास पुरेसे होतात. बायकांना विचारले तर त्या बहुधा जेवणखाण उरकल्यानंतरची वेळ सांगतात, परंतु तेव्हा लहान मुले पेंगलेली असतात. मला जमलेली तडजोड अशी की एक दिवस संध्याकाळी साडेपाच ते साडेसात सर्वांनी एकत्र यायचे आणि दुसरा दिवस रात्री साडेआठनंतर फक्त मोठ्यांनी बसायचे.

गट पंचवीस माणसांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यात आठ-दहा मुले, चार-पाच किशोरवयीन, पाच-सहा तरुण व मध्यमवयीन आणि पाच-सहा वृद्ध असे मिश्रण असावे. सर्वांत अवघड असतात ते चाळीस-पन्नासच्या वयाचे पुरुष. त्यांना ‘नाटकात काम करा’ म्हटले की ते हसून निघून जातात. त्यांना भजनी मंडळाच्या वाटेने आणावे: पखवाज कोण वाजवणार, पेटीवर कोण बसणार, टाळ कुणाचे, असे विचारावे, सुतारकाम आणि विजेचे काम जाणणाऱ्यांना नेपथ्याची व प्रकाशाची जबाबदारी द्यावी. तालमीच्या कडेला बसून तीन आठवडे पाहिल्यावर त्यांच्यापैकी एक-दोघे स्वतःहून मुकादमाची भूमिका मागतात, आणि ती ते उत्तम करतात.

शिबिर घेणारी माणसे किमान दोन असावीत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. कोणत्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत बसू नये, हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर मोठ्याने सांगावा. एखाद्या खेळात किंवा गोष्टीत मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक असते, हे स्वतःला आधीच माहीत असावे. मुलांचे फोटो आणि चित्रफिती यांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि ते गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचे की नाही हेही त्यात लिहून घ्यावे.

पहिले तीन आठवडे: अंग आणि कान

पहिल्या तीन आठवड्यांत दुष्काळाचा शब्दही काढू नये. सर्वांनी वर्तुळात उभे राहावे, ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी खुर्चीत बसावे, पण वर्तुळ तुटू नये. प्रत्येकाने आपले नाव आणि आपण रोज करतो अशा एका कामाची हालचाल करावी: दळण पाखडणे, सायकलला पायडल मारणे, म्हशीची धार काढणे. बाकीच्यांनी ते नाव आणि ती हालचाल जशीच्या तशी परत करावी. येथे एक गोष्ट हमखास दिसते. मुले हालचाल वरवर उचलतात, आणि एखादी आजी त्यांना थांबवून म्हणते, ‘अरे, सूप असं नाही धरत.’ त्या क्षणी शिकवणारी ती होते. ही संधी सोडू नये. मुलाला तिच्याजवळ पाठवावे, सूप धरताना मनगट कसे वळते ते तिच्याकडून शिकू द्यावे, आणि सर्वांना तेवढा वेळ शांतपणे पाहू द्यावे. नेमकी शारीरिक कृती म्हणजे काय, हे नटाला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

त्यानंतर आरशाचा खेळ घ्यावा. दोघांनी समोरासमोर यावे, एकाने सावकाश हालचाल करावी आणि दुसऱ्याने आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे तीच करावी. जोड्या मुद्दाम विजोड लावाव्यात, म्हणजे सातवीतील मुलगी आणि सत्तरीचे आजोबा. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर खेळताना मुलाचा वेग आपोआप कमी होतो. त्याला ‘हळू कर’ असे सांगावे लागत नाही. सून आणि सासरा मात्र एका जोडीत ठेवू नयेत. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नसले तरी त्या सुनेला घरी काय ऐकावे लागेल हे आपल्याला दिसत नसते.

‘स्टॅच्यू’चा खेळ मुलांना आधीच येतो. त्यालाच पुढे नेऊन तीन-तीन माणसांनी बाजार, एसटीची वाट पाहणे, नळाला पाणी आल्याची धावपळ अशी स्तब्ध चित्रे उभी करावीत. चित्र पाहणाऱ्यांनी कोण कोण आहे, कुणाच्या मनात काय चालले आहे ते सांगावे. खांद्याला हात लावला की त्या माणसाने मनातील एक वाक्य बोलावे. नाटकातील जवळजवळ सर्व व्याकरण, म्हणजे कोण कुणाकडे पाहतो, कोण पाठ फिरवतो, दोन माणसांत अंतर किती, हे या एका खेळातून शिकवता येते. म्हणून त्यावर भरपूर वेळ घालवावा.

कानाचा व्यायाम वेगळा घ्यावा. एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे, आणि नंतर ऐकणाऱ्याने तीच गोष्ट ‘मी’ म्हणून सर्वांना सांगायची. सांगणाऱ्याचे शब्द जितके जसेच्या तसे येतील तितके चांगले. ‘खूप त्रास झाला’ हे वाक्य परत सांगितले तर त्यातून काही दिसत नाही. ‘तीन खेपांत हंडा भरायचा’ असे आले तर त्यातून प्रवेश तयार होतो.

आठवणीतून प्रवेशाकडे

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने घरातील एक जुनी वस्तू आणावी. घण, कुदळ, पितळी लोटा, जुने रेशनकार्ड, जात्याचा खुंटा, बैलाच्या गळ्यातील घुंगरमाळ, काहीही चालेल. वस्तू मध्यभागी ठेवून मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची. मुलांना प्रश्न कसे विचारायचे ते आधी शिकवावे. ‘तुम्हाला कसे वाटले?’ असे विचारले की वडीलधारी माणसे ‘काय वाटायचंय, दिवस काढले’ एवढेच म्हणतात. ‘सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते?’, ‘पायात काय होते?’, ‘कामावर लहान बाळ कुठे ठेवायचे?’ असे विचारले की दार उघडते. तान्हे बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून खडी फोडणारी आई ही आठवण निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या तोंडांनी ऐकू येते.

किशोरवयीन मुलांना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याचे आणि ते लिहून काढण्याचे काम द्यावे. लिहिताना बोली दुरुस्त करू नये. ‘आमी’ला ‘आम्ही’ करू नये आणि ओवी सांगितली असेल तर तिच्या ओळी मोडू नयेत. याच टप्प्यावर शाळेतील शिक्षकांनी मुलांना थोडा संदर्भ द्यावा: सलग दोन-तीन वर्षे पाऊस कमी पडत गेला आणि १९७२ मध्ये पीक हातचे गेले; सरकारने रस्ते, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे काढली; मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती; आणि या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. आपल्या आजीची गोष्ट राज्याच्या कायद्यापर्यंत पोहोचली हे कळल्यावर मुलांचा आवाजच बदलतो.

आता गोष्टीचा प्रवेश करायचा. येथे नवखे दिग्दर्शक एक चूक करतात: ते सर्व आठवणी एका निवेदकाच्या तोंडी घालतात आणि मागे चित्रे उभी करतात. तसे नाटक सन्मानाने बसून पाहिले जाते आणि विसरले जाते. प्रत्येक आठवणीला दोन प्रश्न विचारावेत. या क्षणी कुणाला काय हवे आहे, आणि ते मिळण्याच्या आड कोण येते? समजा, आठवण बैल विकण्याची आहे. बापाला बैल छावणीत सोडवत नाही आणि घरी चारा नाही. आईला बैल विकून धान्य आणायचे आहे. मुलाला बैलाच्या नावाने हाक मारण्याची सवय आहे. व्यापाऱ्याला माहीत आहे की आज नाही तर उद्या हे पडत्या भावात विकणारच. चार माणसे, चार इच्छा, एक दावे. एवढे ठरले की संवाद लिहून देऊ नयेत. आपल्या तमाशातील बतावणीसारखे, कथानकाच्या तीन-चार खुणा ठरवून माणसांना बोलू द्यावे, आणि तोच प्रवेश भूमिका बदलून तीन वेळा करावा. बापाची भूमिका एकदा बारा वर्षांच्या मुलीने आणि मुलाची भूमिका तिच्या आजोबांनी करून पाहावी. जे संवाद तीनही वेळा आले तेवढेच वहीत उतरवावेत.

सहा किंवा सात प्रवेश पुरेसे होतात; सगळे मिळून नाटक चाळीस ते पन्नास मिनिटांचे असावे. प्रवेश जोडायला गाणे वापरावे, आणि ते भजनी मंडळाने व बायकांनी ठरवावे. विकतच्या ध्वनिफितीवरील करुण संगीत मात्र टाळावे, कारण त्याखाली म्हाताऱ्या माणसांचा मूळ आवाज दबून जातो.

जे सांगायला कठीण असते

दुष्काळाची गोष्ट निघाली की विहिरीची निघते, आणि विहिरीची निघाली की त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते हेही निघते. अशा वेळी खोलीत एकदम शांतता पसरते आणि कुणीतरी ‘ते जाऊ द्या आता, जुनं झालं’ असे म्हणते. शिबिर घेणाऱ्याने येथे विषय बदलू नये. ज्यांनी ते सोसले त्यांना ती गोष्ट सांगायची आहे का, हे त्यांनाच, एकांतात, घाई न करता विचारावे. त्यांनी नाही म्हटले तर ती गोष्ट नाटकात येणार नाही. त्यांनी होकार दिला तर गावाच्या सोयीसाठी ती गुळगुळीत करू नये. अपमान सोसलेल्या माणसाला तोच अपमान पुन्हा रंगमंचावर सोसायला लावू नये. ती भूमिका दुसऱ्याने करावी, आणि मूळ माणसाने हवे तर दिग्दर्शकाच्या शेजारी बसून ‘असे नव्हते, असे होते’ हे सांगावे.

येथे ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी घडवलेली फोरम थिएटरची पद्धत उपयोगी पडते. पश्चिम बंगालमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेली जन संस्कृती ही संस्था ती गावोगाव वापरत आली आहे. प्रवेश एकदा पूर्ण करून दाखवायचा, आणि दुसऱ्यांदा करताना पाहणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून उठायचे, सोसणाऱ्याची किंवा बघ्याची जागा घ्यायची आणि वेगळे काय करता आले असते ते बोलून नव्हे, करून दाखवायचे. विहिरीच्या प्रवेशात मी बघ्यांच्या भूमिका मोकळ्या ठेवतो आणि अत्याचार करणाऱ्याची भूमिका बदलू देत नाही, कारण तो एकाएकी भला झाला की प्रश्नच खोटा ठरतो. ही पद्धत तालमीत मोठ्यांच्या रात्रीच्या बैठकीत वापरावी. गावासमोर वापरायची की नाही हे गटाने ठरवावे.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. गोष्ट सांगताना, संहिता वाचून दाखवल्यावर आणि रंगीत तालमीनंतर, अशी तीनदा विचारावी. नावे, नाती, आडनावे बदलावीत. रंगीत तालमीनंतर कुणी आपली गोष्ट मागे घेतली तर तो प्रवेश काढून टाकावा, मग कितीही तालमी झालेल्या असोत.

तालमी

वृद्धांना पाठांतर लावू नये. त्यांना तीन खुणा द्याव्यात आणि त्यांच्यासमोर असे मूल ठेवावे की जे त्या खुणा प्रश्नाच्या रूपाने विचारील. ऐकू कमी येणाऱ्यांना शब्दाऐवजी स्पर्शाची किंवा हालचालीची खूण द्यावी. लहान मुलांनी मोठ्यांच्या लकबींची नक्कल करून हशा मिळवण्याची सवय सुरुवातीलाच थांबवावी. प्रॉम्प्टर म्हणून एखादी वाचनाची आवड असलेली मुलगी नेमावी आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नटांच्या बरोबरीने घालावे. पहिल्या वर्षी हे नाटक कोणत्याही स्पर्धेला नेऊ नये, कारण स्पर्धा जवळ आली की दिग्दर्शकाची नजर कमकुवत नटाकडे रागाने वळते, आणि या कामात कमकुवत नट असा कुणी नसतो.

प्रयोग आणि त्यानंतरचा आठवडा

प्रयोग शाळेच्या पटांगणावर जमिनीच्या पातळीवरच करावा. तीन बाजूंनी प्रेक्षक, पुढे सतरंज्यांवर मुले आणि मागे खुर्च्या असल्या की म्हाताऱ्या नटांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि त्यांचा आवाजही पोहोचतो. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. उत्स्फूर्त संवादांतून आलेली संहिता दहाव्या आठवड्यात पाठवली तर प्रमाणपत्राची वाट पाहात बसावे लागते, म्हणून ती सातव्या-आठव्या आठवड्यातच लिहून पाठवावी. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी आणि रात्री दहाच्या आत प्रयोग व त्यानंतरची चर्चा दोन्ही संपेल अशा बेताने सुरुवात करावी. सत्कार, हारतुरे आणि भाषणे प्रयोगाच्या आधी मुळीच ठेवू नयेत. पाहुण्यांना बोलायचेच असेल तर चर्चेत इतरांप्रमाणे हात वर करून बोलावे.

चर्चा अर्धा तास असावी आणि ती मुलांनी चालवावी. ‘नाटक कसे वाटले’ याऐवजी ‘यात तुमच्या घरची कोणती गोष्ट राहून गेली’ असे विचारावे. एका गावात या प्रश्नावर मागच्या रांगेतील एक आजोबा उठले आणि खडीच्या कामावर हजेरी घेताना आपणच दोन नावे खोटी लिहिली होती, असे पन्नास वर्षांनी सर्वांसमोर म्हणाले. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रागावलेही नाही. समोर बसलेल्या मुलीने वहीत ते लिहून घेतले आणि विचारले, ‘कुणाची नावे, आजोबा?’

पुढच्या आठवड्यात सर्वांनी एकदा एकत्र बसावे. आणलेल्या वस्तू ज्याच्या त्याच्या हातात परत द्याव्यात, ध्वनिमुद्रणांतील कोणती ठेवायची आणि कोणती पुसायची हे सांगणाऱ्यांना विचारावे, खर्चाचा हिशेब वाचून दाखवावा. संहितेच्या तीन प्रती कराव्यात: एक शाळेच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत, आणि एक त्या आजीच्या घरी, जिने पहिल्या दिवशी सूप कसे धरायचे ते दाखवले होते.